पालकाची सही

हौसाआईला जाऊन वर्ष झालं, म्हणून प्रमोद आठ दिवसांची रजा काढून मुंबईहून गावी आला होता. पण पिंपळकोंडच्या फाट्यावर एस.टी.तून उतरताना त्याच्या मनात आईपेक्षा धाकटा भाऊच जास्त होता.

कारण गेले अकरा महिने तो नितेशला रोज बघत होता. आई गेल्यावर, घरात बाईमाणूस एकटी, म्हातारे वडील आणि पोरगी आता मोठी व्हायला लागलेली, असं सांगून त्यानं पडवीच्या खांबावर कॅमेरा बसवून घेतला होता. त्याचं कामच ते. अंधेरीतल्या एका उंच इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत, बारा बारा तास तो चोवीस पडद्यांसमोर बसायचा. कोण आलं, कोण गेलं, कोण जिन्यात उगाच रेंगाळलं. आणि पंचविसावा पडदा त्याच्या मोबाइलमध्ये होता: मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीतलं, गमऱ्यांच्या घरापुढचं खळं.

त्या पडद्याला आवाज नव्हता. सायकलच्या चेनला तेल घालता घालता नितेश काहीतरी बोलायचा आणि समोर उभी राही, प्रमोदची बारा वर्षांची मुलगी, पोट धरून हसायची. काय बोलला असेल? प्रमोद चित्र मागे नेऊन पुन्हा बघायचा. ओठ वाचायला जायचा. मग फोन लावायचा.

"राही, जेवलीस?"

"हो बाबा."

"सव्वादोन ते तीन खळ्यात दिसली नाहीस."

"आत होते."

"पऱ्यावर नाही ना गेलीस? ओढ्याच्या पाण्याकडे जायचं नाही, सांगितलंय."

"नाही बाबा."

"बरं."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा खळ्यात यायची, नितेशला काही सांगायची, आणि आता तो हसायचा. मलाच हसत असतील, असं प्रमोदला वाटायचं.

राही लग्नानंतर सात वर्षांनी झाली. तिच्या आधीची दोन मुलं राहिली नाहीत. एक पोटातच गेलं, एक नऊ दिवसांचं होऊन. तेव्हा प्रमोदची भीती काही हवेतून आलेली नव्हती. पण मुंबईत बसून तिला रोज नवं खाद्य मिळत गेलं. कुठल्याशा शहरात शाळेची बस उलटली, कुठं पोरगी विहिरीत पडली, कुठं खाऊ देऊन कुणी मूल पळवलं. मोबाइलवर आलेलं असलं प्रत्येक चित्र तो आम्रपालीला, आपल्या बायकोला, पाठवायचा आणि त्यासोबत एक नवा नियम. झाडावर चढायचं नाही. सायकलला हात लावायचा नाही. शाळेत जायचं ते रिक्षातून, आणि रिक्षात बसल्यावर फोटो. विहाराच्या पुढं एकटीनं जायचं नाही.

काळजीचं एक बरं असतं, ती चारचौघांत सांगता येते. हेवा कुठं सांगता येतो? राही काकाला 'तू' म्हणते आणि मला 'तुम्ही', हे तो कुणाजवळ बोलणार होता?

शुक्रवारी दुपारी सगळे जरा आडवे झाल्यावर प्रमोदनं राहीचं दप्तर उघडलं. आल्यावर एकदा दप्तर तपासायचं, हाही त्याचा नियम होता. भूगोलाच्या वहीत त्याला शाळेच्या शिक्क्याचा एक कागद सापडला. इयत्ता सातवीची सहल, रत्नागिरी, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र व समुद्रकिनारा, सोमवार सकाळ ते मंगळवार संध्याकाळ, मुक्काम एक रात्र. माझ्या पाल्यास पाठवण्यास माझी संमती आहे. पालकाचे नाव: नितेश जानू गमरे. खाली नितेशची वेडीवाकडी सही.

सहीचा राग येऊन गेला असता. पण नाव नितेशच्या अक्षरात नव्हतं. ते राहीच्या गोल, सुबक अक्षरात होतं. 'पालकाचे नाव' असं छापलेलं वाचून तिनंच तिथं काकाचं नाव लिहिलं होतं. प्रमोदनं तो कागद घडी न घालता हातात धरला आणि नितेश काजूच्या बागेतून परत येईपर्यंत पडवीत बसून राहिला.

नितेश आला तो पायावर लाल माती घेऊनच. चौतीस वर्षांचा, मुंबईला न गेलेला, म्हणून अजून लग्न न जमलेला. वडिलांची औषधं, भाताचं शेत, काजूची साठ झाडं आणि वाडीतले बिघडलेले पंप हा त्याचा संसार.

"हे काय आहे?" प्रमोदनं कागद पुढं केला.

"सहलीचा कागद."

"ते मला वाचता येतं. सही कुणाची?"

"माझी."

"तू कोण तिचा?"

सावर्ड्याला दिलेली थोरली बहीण प्रेमला कार्यक्रमासाठी दोन दिवस आधीच आली होती आणि सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. तिचे हात थांबले. "कसली सहल?"

"भाट्याला नेतायत पोरांना. समुद्रावर. एक रात्र तिथंच ठेवणार. आणि मला, बापाला, पत्ता नाही."

"समुद्रावर? नितेश, अरे विचारायचं तरी होतंस. मुलीची जात, रात्रीचं कुठं ठेवतील, काय..."

ताई आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर प्रमोदला जोर आला. "गेल्या महिन्यात मी व्हिडिओ पाठवला होता ना? सहा पोरं लाटेनं ओढली. शिक्षक नुसते बघत उभे!"

"कुठची रे ती पोरं?" आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, जानू गमऱ्यांनी, खाटेवरून विचारलं.

"कुठची का असेनात!"

"आपल्या तालुक्यातली नाय ना?"

"आबा, तालुका कशाला हवा? पाणी सगळीकडे सारखंच बुडवतं."

"दादा," नितेश हळूच म्हणाला, "चार शिक्षक हायत. पोरं पाण्यात जाणारच नायत, नुसतं बघणार. मी बाईंना भेटून सगळं विचारलंय."

"तू विचारलंस. मला का नाही विचारलं?"

उत्तर आतून आलं. आम्रपाली कपाळावरचा घाम पदरानं पुसत दारात येऊन उभी राहिली होती. "मीच सांगितलं भावोजींना. ते म्हणत होते दादाला फोन करू. मी म्हटलं, नको. तुम्ही नाहीच म्हणणार."

"मग तू करायचीस सही! तू आई आहेस."

"माझी सही असती तर तुम्ही महिनाभर मला रोज फोनवर तेच ऐकवलं असतं. भावोजी म्हणाले, वहिनी, दादाचा राग मी घेतो अंगावर."

हे ऐकून प्रमोदचा राग निवायला हवा होता, तो चढला. आपल्या रागाचीसुद्धा या दोघांनी वाटणी करून ठेवली होती.

"आणि उगाच घाबरतोस," आबा म्हणाले. "पोर पोहते की मासळीगत."

आपण काय बोलून गेलो ते म्हाताऱ्याला सगळ्यांच्या तोंडांकडे बघून कळलं आणि ते उशी सारखी करायला लागले.

"पोहते?" प्रमोदचा आवाज बारीक झाला. "कुठं? कधीपासून?"

बायकोनं आणि वडिलांनी नकळत नितेशकडे बघितलं, ते प्रमोदला पुरलं.

"दोन उन्हाळे झाले," नितेश म्हणाला. "पऱ्याला कमरेएवढंच पाणी असतं रे तेव्हा. सायकल पण येते तिला. तुला सांगायचं होतं, दरवेळी वाटायचं, आज सांगू."

"मी तिला रोज बघतो. रोज! मला कधी दिसली नाही ती सायकलवर."

"तुमचा कॅमेरा पुढल्या दाराला आहे," आम्रपाली म्हणाली. "पोरगी मागीलदारानं मोठी झाली."

"म्हणजे मला पण नाय सांगितलंत कुणी," प्रेमला पुटपुटली, आणि सूप घेऊन आणखी थोडी प्रमोदच्या बाजूला सरकली.

प्रमोदनं तिथंच उभं राहून वर्गशिक्षिका वेदिका बाईंना फोन लावला आणि राही जाणार नाही, तिचं नाव काढा, असं मोठ्यानं सांगितलं. नंतर घराला सांगितलं, "आणि जूनपासून ती माझ्याबरोबर मुंबईला. तिथल्या शाळेत."

"तुम्ही चौघं पुरुष एका खोलीत राहता," आम्रपाली म्हणाली. "ती कुठं राहील?"

"बघीन मी."

राही दाराच्या चौकटीला धरून कधीची उभी होती. प्रमोदला वाटलं, आता रडेल, हट्ट करेल, मग आपण तिला जवळ घेऊन समजावू. ती म्हणाली, "बाबा, काकाला काही बोलू नका." सहलीबद्दल एक अक्षर नाही.

शनिवारी ती शहाण्यासारखी वागली, इतकी की बघवेना. "बाबा, पाणी पिऊ?" "बाबा, खळ्यात बसू?" "बाबा, मागीलदारी कपडे वाळत घालायला जाऊ?" चेष्टा नव्हती तिची, चेहरा अगदी साधा होता. नितेश सकाळीच बागेत गेला तो जेवायलाही आला नाही. राहीनं त्याचा डबा भरून दिला, पण न्यायला आली शेजारची बाई. प्रमोदला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि भाऊ नव्हता. तो दिवसभर तिच्याजवळ बसला. तिला काय सांगावं ते त्याला सुचलं नाही.

रविवारी सकाळी हौसाआईच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार घातला, मेणबत्त्या लागल्या. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, पुण्यानुमोदनाच्या गाथा झाल्या. वाडी सगळी आली होती. मग खळ्यात पंगत बसली. काळ्या वाटाण्यांची उसळ, वडे, भात, खीर. उसळीची बादली नितेशच्या हातात होती. पंगतीतला प्रत्येक जण त्याला 'नितेश, इकडं' म्हणून हाक मारत होता. प्रमोदच्या हातात मीठ होतं, आणि त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

वेदिका बाईही आल्या होत्या. साध्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. त्यांना घरातलं काही ठाऊक नव्हतं. प्रमोद मीठ घेऊन समोर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही राहीचे बाबा ना? आज पहिल्यांदा भेटतोय आपण. अहो, तिला पाठवा हो सहलीला. जागा ठेवलीय मी अजून. काकांनी किती विचारपूस केली, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा भेटून आले. पालकसभेला पण तेच येतात न चुकता." आणि हसून, "खरं सांगू? पहिलं वर्षभर मी त्यांनाच राहीचे वडील समजत होते."

पंगतीत दोघंतिघं हसली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय की. सांभाळलीय त्यानंच."

प्रमोदनं मिठाची वाटी खाली ठेवली.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शेवटच्या पानापर्यंत गेला, "शाळेत तुम्ही मुलींना शिकवता ना, कुणी कसा हात लावला तर घरी सांगायचं? मग एकटा माणूस दुसऱ्याच्या मुलीला मागीलदारानं लपवून पाण्यावर नेतो, दोन दोन वर्षं, तर तुम्हाला त्याची चौकशी करावीशी नाही वाटली? परक्यांचीच भीती असते असं कोण म्हणालं? मी रोज बघतो. ऐकतो. घरचीच माणसं असतात."

बोलतानाच त्याला माहीत होतं की हे खरं नाही. तसा संशय त्याला एक दिवसही आला नव्हता. अकरा महिन्यांच्या त्या चित्रांत त्यानं सगळं काही शोधलं होतं आणि त्यात तसलं काहीही नव्हतं; होतं ते एवढंच की मुलगी नितेशजवळ हसत होती. पण भावाला लागेल असं दुसरं काही हाताला आलं नाही, तेव्हा त्यानं हे उचललं.

आबांनी तोंडाशी नेलेला घास परत पानात ठेवला. वेदिका बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नितेशनं बादली खाली ठेवली. पंगत अर्धी वाढायची राहिली होती, ती त्यानं बघितली, बादली उचलून शेजारच्या संदेशच्या हातात दिली. मग नळावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. आणि घरात निघून गेला.

पाहुणे गेल्यावर आम्रपाली प्रमोदसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवणारी बाई नव्हती ती, आजही चढवला नाही. "तुम्ही भावोजींवर बोललात असं समजताय. माझ्यावर बोललात. दोन वर्षं पोरीची आई याच घरात होती ना? तिला दिसलं नसतं? तुम्हाला तिकडं मुंबईत दिसलं आणि मला इथं नाही?"

"मी तसं नाही..."

"वाडीनं तसंच ऐकलं."

आतून प्रेमला बाहेर आली, पिशवी खांद्याला लावून. तिच्या मागं नितेश, हातात शाळेत असतानाची जुनी सॅक. "चारची गाडी आहे," ती प्रमोदकडे न बघता म्हणाली. "याला मी सावर्ड्याला नेते. परवा मी तुझ्या बाजूनं बोलले, ती चूक झाली माझी. मला वाटलं तुला पोरीची काळजी हाय."

दोघं खळं ओलांडून गेली. आबा खाटेवरून उठले नाहीत. "हौसा असती," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

राही मागीलदारी होती. प्रमोद कितीतरी वर्षांनी त्या बाजूला गेला. फणसाखाली एक जुनी सायकल टेकवलेली, दोरीवर कपडे, पलीकडे पऱ्याकडे उतरणारी पायवाट, रोजच्या वापरानं गुळगुळीत झालेली. राही पंगतीचे पेले विसळत होती. त्यानं बाजूचा दगड ओढून घेतला.

"बाबा," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "काका वाईट आहे का?"

एक शब्द बोलला असता तर ती आयुष्यभर काकापासून दूर राहिली असती. प्रमोदला ते स्पष्ट कळलं. हाही एक उपाय त्याच्या हातात होता.

"नाही," तो म्हणाला. "तो वाईट नाही. कधीच नव्हता."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर का तसं म्हणालात?"

"मला राग आला होता."

"मी पोहले म्हणून?"

"नाही." मग जरा थांबून, कारण बारा वर्षांच्या मुलीला हे सांगायचं कसं ते त्याला कळेना, "मला त्याचा हेवा वाटतो, राही. तू त्याच्याबरोबर जशी हसतेस तशी माझ्याशी बोलताना हसत नाहीस. मी मुंबईहून बघतो आणि मला... जळायला होतं."

राहीनं पेला उपडा घातला. ती विचार करत होती. "तुम्ही फोनवर नुसतं विचारता," ती म्हणाली. "जेवलीस का, कुठं होतीस, कोण आलं होतं. सगळी उत्तरं दिली की तुम्ही फोन ठेवता."

"मग काय बोलू?"

"तुमचं काहीतरी सांगा ना. तुम्ही काय जेवलात. तुमच्या खोलीतले काका घोरतात म्हणता, ते कसे घोरतात. मला काही माहीतच नाही तुमचं."

प्रमोद उठला. घड्याळात पावणेचार झाले होते. चपला शोधत न बसता तो अनवाणीच फाट्याकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेपासून धावायला लागला.

फाट्यावरच्या शेडमध्ये दोघं बसली होती. तो समोर जाऊन उभा राहिला. धाप लागली होती. "नितेश, चुकलो. मी बोललो ते खोटं होतं. मला माहीत होतं खोटं आहे, तरी बोललो. घरी चल."

उत्तर दिलं ते प्रेमलानं. "सगळ्या वाडीसमोर बोललास आणि माफी मागायला इथं, आडोशाला आलास होय?"

"मी सगळ्यांना सांगीन."

"सांग आधी."

गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला तेव्हा नितेश उठला. त्यानं सॅक खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच भावाकडे नीट बघितलं. "दादा, तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं. लहानपणी मारायचासच. पण उद्या राही धावत आली आणि गळ्यात पडली, तर मी काय करू? पहिलं मी आजूबाजूला बघणार, कोण बघतंय का. तिला पाण्यात हात दिला तर माझा हात आखडणार. ते आता कसं काढू सांग." तो गाडीत चढला. खिडकीतून प्रेमलानं मागं वळून बघितलं, त्यानं नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या मैदानात बस उभी होती. आईबाप पोरांच्या पिशव्या चढवत होते. वाडीतले होते, कालच्या पंगतीतलेही होते. प्रमोद राहीचा हात धरून आला आणि वेदिका बाईंसमोर जाऊन, हात सोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. पडद्यांसमोर गप्प बसून बसून त्याला चार माणसांत बोलायची सवय राहिली नव्हती, जीभ अडखळली.

"काल मी माझ्या भावाबद्दल जे म्हणालो ते खोटं होतं. त्यानं माझ्या मुलीला जीव लावून सांभाळलं. मला त्याचा हेवा वाटला म्हणून मी घाण बोललो. ज्यांनी ऐकलं त्यांनी हेही ऐकावं."

दोन बायका एकमेकींकडे बघून बाजूला झाल्या. असली गोष्ट एकदा तोंडातून गेली की परत सगळी गोळा होत नाही, हे त्याला त्यांच्या पाठींवरून कळलं. संदेशनं मात्र जवळ येऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि बसच्या टपावर चढवली.

बाईंनी नवा कागद दिला. त्यानं सही केली. "तुम्हीही चला ना," त्या म्हणाल्या, भल्या मनानं. "एक पालक सोबत हवाच आहे आम्हाला. तुमची रजा आहे, लेकीबरोबर दोन दिवस होतील."

प्रमोदचं मन एकदम पुढं धावलं. समुद्र, पोरांचा घोळका, आणि त्यात आपण, डोळ्यांत तेल घालून. त्यानं राहीकडे बघितलं. ती काही म्हणाली नाही, पण गळ्यातल्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा तिनं घट्ट धरला.

"नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी न्या."

तो दिवस त्याला सरेना. पहिल्यांदा घाटातल्या वळणांची भीती वाटली, मग जेवणातून विषबाधेची, मग लाटांची. दुपारी तो काजूच्या बागेत गेला आणि नितेशनं अर्धी टाकलेली साफसफाई करत राहिला. पोरांना रात्रीच्या जेवणाआधी बाईंच्या फोनवरून घरी एक फोन करू देणार होते, एकेकाला दोन मिनिटं. साडेपाचपासून प्रमोद फोन हातात घेऊन पडवीत बसला. आबा खाटेवर बसले. आम्रपाली तवा तापत ठेवून दोनदा बाहेर येऊन गेली.

सव्वासातला फोन वाजला. नाव दिसलं: नितेश.

"दादा," नितेशचा आवाज परक्यासारखा होता, सरळ, कामापुरता. "राहीचा फोन आला होता. नीट पोचली."

"तुला केला?"

"हां."

दोन मिनिटं होती तिच्याजवळ, आणि ती तिनं काकाला दिली. जुनी ठसठस पुन्हा छातीत उठली, अगदी तशीच, जराही कमी नाही. प्रमोदनं ती उठू दिली. काही नियम सुचतो का, कुणाला काही विचारावंसं वाटतं का, तेही बघितलं. मग विचारलं, "काय म्हणाली?"

"नारळाची नव्वद जातीची झाडं बघितली म्हणाली. नव्वद असतील की नऊ, कुणास ठाऊक. समुद्रात पाय भिजवले, घोट्यापर्यंत. पाणी पऱ्यासारखं गार नाही म्हणाली, कोमट आहे." नितेश थांबला. "मी म्हटलं, अगो, मला कशाला केलास, बाबा वाट बघत असेल. तर म्हणाली, काका, म्हणूनच तुला केला. आता बाबांना तूच सांग."

आम्रपालीनं दारातून हातानंच विचारलं, काय? त्यानं मान हलवली, बरं आहे सगळं.

"सकाळी तू शाळेत बोललास म्हणे," नितेश म्हणाला. "संदेशचा फोन आला होता ताईला."

"हां."

"बरं."

पलीकडून सावर्ड्याच्या बाजारातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मी आज बागेत गेलो होतो," प्रमोद म्हणाला. "वरच्या कातळाजवळची चार झाडं साफ केली. विळ्यानं बोट कापून घेतलं."

"विळा उलटा धरला असशील. नेहमी तसाच धरतोस."

"उद्या सहाला बस येईल पोरांची. दोघं जाऊ आणायला."

पलीकडे हॉर्न वाजत राहिले.

"दोघं जाऊ, नितेश."

"बघू," नितेश म्हणाला; पण फोन त्यानं ठेवला नाही.